दहा दिवसांचे बाळ आणि डॉक्टर आनंदीबाई

(बी. कॉम. भाग २)

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी इंदूरला आत्याकडे गेले होते. आत्याचे घर कृष्णपुऱ्यात, राजवाड्यापासून पायी पाच-सात मिनिटांच्या अंतरावर. गच्चीवर उभे राहिले की खान नदीकाठच्या छत्र्या दिसतात. कृष्णाबाई होळकर, दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव यांच्या स्मरणार्थ त्या बांधलेल्या आहेत. आत्याच्या घरची मराठी हिंदीत घोळलेली आणि आमची सीमाभागातली कानडीत, त्यामुळे पहिले दोन दिवस आम्ही एकमेकींची थट्टा करण्यातच घालवले. तिसऱ्या दिवशी थट्टा संपली. बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या माझ्या आतेबहिणीला, ताईला, सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. मुलगा झाला. वजन ९०० ग्रॅम.

बाळाला एका खाजगी रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागात ठेवले. काचेच्या पेटीत ते, नाकातोंडात नळ्या आणि श्वास देणारे यंत्र. मी कॉमर्सची विद्यार्थिनी म्हणून हिशेबाची वही माझ्या हाती आली. अनामत रक्कम, पेटीचे भाडे, यंत्राचे भाडे, तपासण्या, औषधे. फुप्फुसे उघडावीत म्हणून देतात त्या औषधाच्या एका कुपीची किंमत वहीत लिहिताना मी आकडा दोनदा वाचला होता. सरासरी दिवसाला २५,००० रुपये जात होते. रोजकीर्द लिहायला कॉलेजात शिकले, पण अशी रोजकीर्द लिहावी लागेल असे वाटले नव्हते.

रात्री झोप येत नसे. आत्याच्या कपाटात श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी होती. शाळेत असताना डॉ. आनंदीबाई जोशी यांच्यावर आम्ही निबंध लिहिला होता. पहिली भारतीय महिला डॉक्टर, लहान वयात मृत्यू, धन्य ती माउली, अशा थाटाचा. त्या निबंधात त्यांचे बाळ दहा दिवसांत वारले हे एकच वाक्य होते. इंदूरला, त्या पंधरवड्यात, मला त्या एका वाक्यापुढे जाता येईना. परत आल्यावर ग्रंथालयातून त्यांची चरित्रे आणून वाचली. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेले चरित्र तर त्यांच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांतले आहे. त्या वाचनातून हा लेख झाला.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणच्या जोशी घराण्यात झाला. माहेरचे नाव यमुना. घराणे एकेकाळचे जमीनदार, पण आता उतरणीला लागलेले. मुलगी नऊ वर्षांची झाली तशी लग्नाची घाई सुरू झाली आणि १८७४ साली गोपाळराव जोशी या बिजवराशी तिचे लग्न लागले. गोपाळराव टपाल खात्यात कारकून, वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे, डोक्याने विलक्षण. मुलीला शिकवू देणार असाल तरच लग्न करतो अशी त्यांची अट होती. हुंड्याच्या अटी घालणारे वर पुष्कळ सापडतील, शिक्षणाची अट घालणारा त्या काळी विरळाच. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली.

गोपाळरावांचा गौरव करताना आमच्या निबंधांत एक गोष्ट गाळली जात असे. ते बायकोला शिकवत ते मारून मुटकून. अभ्यास झाला नाही की हाती येईल ती वस्तू ते तिच्यावर फेकत. पुढे अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी त्या माराची स्पष्ट आठवण दिली आहे. तरीही त्याच पत्रांतून त्यांच्याविषयीची कृतज्ञताही आहे. या दोन्ही गोष्टी एकाच जमाखर्चात कशा बसवायच्या, हे मला कळत नाही, आणि माझ्यापेक्षा मोठ्या माणसांनाही कळले असेल असे वाटत नाही.

वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीला मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. घरात बाळंतीण बघायला सुईण, काढे, शेक, अंगारा हे असेल, पण जवळ जाऊन तपासील असा डॉक्टर नव्हता. त्या काळचे डॉक्टर बहुतेक पुरुष. परपुरुषाने बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकायचे नाही, असा दंडक. म्हणजे पैसे असते तरी उपचार मिळालेच असते असे नाही. आमच्या अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर मागणी होती, पुरवठाच नव्हता, आणि जो थोडा होता त्याच्या वाटेत उंबरठा होता.

इथे एक विषयांतर करते. आमच्या शेजारच्या कानडी अज्जी तान्ह्या मुलाला कूसु म्हणतात. मराठीत कूस म्हणजे आईचे उदर. बाळंतिणीला त्या बाणंती म्हणतात. दोन भाषा शेजारी नांदल्या की शब्दही एकमेकांच्या ओसरीवर बसतात, हे आपल्या अंकाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. पण चौदा वर्षांची बाणंती हा शब्दप्रयोग मी अज्जींसमोर केला तेव्हा त्या हसल्या नाहीत. त्यांच्या आईची कथा तीच होती. हिंदुस्थानात संमतिवयाची मर्यादा दहावरून बारावर आली ती १८९१ साली, आणि तीही केवढे रण माजल्यावर! बाळ का वाचले नाही या प्रश्नाचे अर्धे उत्तर आईच्या वयातच होते. कोवळ्या वयाच्या आईचे मूल दिवस भरण्यापूर्वी किंवा कमी वजनाचे होण्याचा धोका अधिक असतो हे आज कोणतीही परिचारिका सांगेल.

बाळाच्या मृत्यूमुळे आनंदीबाईंनी डॉक्टर होण्याचे ठरवले, ही कथा आपण सरळ रेषेत सांगतो. ती थोडी वाकडी आहे. गोपाळराव कोल्हापूरला बदलून आले होते. आपल्या सीमाभागाला कोल्हापूर काही दूर नाही. तिथे नवराबायको बरोबर फिरायला जातात आणि बायको शाळेत जाते म्हणून लोक हुर्यो करीत. तिथूनच १८७८ साली गोपाळरावांनी वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहून पत्नीच्या अमेरिकेतील शिक्षणासाठी मदत मागितली. वाइल्डरांनी ख्रिस्ती होण्याची सूचना केली. ती जोशी दांपत्याने मानली नाही. म्हणजे शिक्षणाची ओढ त्या घरात त्या सुमारास होतीच. बाळाच्या मृत्यूने त्या ओढीला विषय दिला असे म्हणणे अधिक खरे. कोणते शिक्षण, या प्रश्नाचे उत्तर ते दहा दिवस ठरवून गेले.

आता एक गोष्ट मला वाचताना सापडली ती सांगितल्यावाचून राहवत नाही. याच सुमारास, पॅरिसमध्ये स्तेफान तार्निए नावाचे प्रसूतितज्ज्ञ प्राणिसंग्रहालयात गेले असता त्यांनी कोंबडीची अंडी उबवण्याची पेटी पाहिली. अंडी उबवता येतात तर अपुऱ्या दिवसांची मुले का नाही, असा विचार करून त्यांनी तशीच पेटी मुलांसाठी करवून घेतली आणि १८८० च्या सुमारास पॅरिसच्या प्रसूतिगृहात ती सुरू झाली. २ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा ६६ वरून शेकडा ३८ वर आले, असे त्या वेळच्या नोंदींत आहे. कल्याणच्या अंधाऱ्या खोलीतले बाळ आणि पॅरिसमधली गरम पाण्याच्या डब्यांवर चालणारी पेटी, दोन्ही एकाच काळातली. आपण इतिहासाच्या पेपरात दोन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे म्हणून ती लिहू.

या पेट्यांचा पुढचा इतिहास तर कॉमर्सच्या विद्यार्थ्याने वाचण्यासारखा आहे. पेटी महाग, परिचारिका महाग, खर्च कोणी करायचा? मार्टिन कूनी नावाच्या गृहस्थाने त्यावर उपाय काढला तो तिकिटाचा. न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंडच्या जत्रेत १९०३ ते १९४३ अशी चाळीस वर्षे त्याने पेटीतली जिवंत बाळे लोकांना २५ सेंट घेऊन दाखवली. आईबापांकडून मात्र एक पैही घेतली नाही. हजारो मुले वाचली. जत्रेत मूल मांडणे अनुचित की मूल मरू देणे अनुचित? मी वर्गातल्या मैत्रिणींना विचारले तर निम्म्या एका बाजूला, निम्म्या दुसऱ्या. पुढे पेटीत प्राणवायू भरपूर सोडू लागले, तेव्हा मुले वाचू लागली आणि त्यांतली हजारो आंधळी झाली. अति प्राणवायूने डोळ्यांचा पडदा बिघडतो हे १९५० नंतरच्या काही वर्षांत सिद्ध झाले. १९६३ साली अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन २ किलोच्या थोडे वर. फुप्फुसे कच्ची होती. तो ३९ तास जगला. जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाच्या अध्यक्षाला जे उपचार विकत घेता आले नाहीत, कारण ते अजून निघालेच नव्हते, ते आज जिल्ह्याच्या गावीही मिळतात. ताईच्या बाळाला दिली ती कुपी त्याच उपचारांतली. असो. आपण आनंदीबाईंकडे परत जाऊ.

वाइल्डरांनी तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. १८८० साली न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दाताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता त्यांच्या हाती तो अंक पडला. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले आणि तीन वर्षे दोघींची पत्रे चालू राहिली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. गोपाळरावांची बदली भूजला, मग कलकत्त्याकडे झाली. आनंदीबाईंची प्रकृती तेव्हापासूनच नरम होती. ताप, डोकेदुखी, अशक्तपणा. कार्पेंटर मावशींनी अमेरिकेहून औषधेही पाठवली, पण गुण आला नाही.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात अठराव्या वर्षात असलेल्या या मुलीने भर सभेत, आपण अमेरिकेला का जात आहोत, हे सांगितले. स्त्रियांना स्त्री डॉक्टरांची गरज आहे, आणि आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणून परत येऊ, असा त्या भाषणाचा आशय होता. समुद्रपर्यटन हे तेव्हा पाप, बाईने एकटीने करणे तर विचारूच नका. भाषणानंतर मदत येऊ लागली. अंगावरचे सोनेही मोडावे लागले. इंदूरला मी हे वाचले त्या दिवशी सकाळी आत्याने आपल्या पाटल्या सराफ्यात गहाण ठेवल्या होत्या आणि मी ती रक्कम वहीच्या जमेच्या बाजूला लिहिली होती. सोने मोडून डॉक्टर होणे आणि सोने गहाण ठेवून डॉक्टरांचे बिल भरणे, बाईचे सोने दोन्हीकडे उपयोगी पडते.

७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. मावशी घ्यायला आल्या होत्या. फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला. तिथल्या प्रमुख रेचेल बॉडली यांनी या विद्यार्थिनीला मनापासून हात दिला. तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची शिष्यवृत्ती मिळाली. त्याच वर्गकाळातल्या जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या सबात इस्लामबुली यांच्याबरोबरचे त्यांचे १८८५ सालचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. तीन देशांच्या तीन मुली, आपापल्या वेशात. मी ते छायाचित्र पुष्कळ वेळ पाहिले. मधल्या कोणीही हसत नाही.

शिष्यवृत्तीच्या आकड्यावरून वाटते की सोय झाली. पण वहीत न येणारा खर्च वेगळाच असतो. शाकाहार सोडायचा नाही म्हणून स्वतः रांधायचे. नऊवारी लुगडे त्या थंडीत अपुरे, म्हणून अंग अधिक झाकेल अशी गुजराती पद्धतीची साडी नेसायला सुरुवात केली, त्यावर नवऱ्याकडून पत्रातून बोलणी खाल्ली. राहत्या खोलीतली शेगडी धूर ओकणारी. थंडी सोसावी की धूर सोसावा, एवढाच पर्याय. आधीच कमकुवत असलेल्या छातीला त्या खोलीने किती व्याज लावले असेल! क्षयाचे जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ सालीच दाखवून दिले होते, पण जंतू सापडणे आणि औषध सापडणे यांत साठेक वर्षांचे अंतर पडायचे होते.

पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध लिहिला त्याचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. आयुर्वेदाचे जुने ग्रंथ आणि अमेरिकेतली पाठ्यपुस्तके दोन्हींचा आधार घेऊन तो लिहिलेला आहे. सगळ्या वैद्यकातून त्यांनी हाच विषय निवडला. कल्याणच्या त्या दहा दिवसांचा या निवडीशी संबंध नसेल असे कोणी म्हटले तर मी मान्य करणार नाही. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम. डी. ही पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या, गोपाळरावही तोवर अमेरिकेत पोचले होते. व्हिक्टोरिया राणीकडून अभिनंदन आले. आनंदीबाईंना एकविसावे वर्ष पुरे व्हायला वीस दिवस कमी होते. मी आज ज्या वयात खतावणीच्या चुका शोधते, त्या वयात त्या डॉक्टर झाल्या होत्या आणि एका बाळाला त्या फार पूर्वीच पारख्या झाल्या होत्या.

कोल्हापूर संस्थानाने त्यांची अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्रीविभागाच्या प्रमुख म्हणून नेमणूक केली. ज्या गावात लोकांनी हुर्यो केली होती त्याच गावात त्या डॉक्टर म्हणून येणार होत्या. पण शेवटच्या वर्षातच खोकला आणि ताप यांनी त्यांना घेरले होते. ऑक्टोबर १८८६ मध्ये पतिपत्नी अमेरिकेहून निघाली आणि नोव्हेंबरात मुंबईला पोचली. मुंबईत स्वागत झाले, हार झाले, पण ज्या प्रमुख डॉक्टर म्हणून आल्या त्यांना आधार दिल्यावाचून चालवत नव्हते. हवापालट झाला, वैद्यांची औषधे झाली. पुण्यात २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचे निधन झाले. एकविसाव्या वर्षाच्या पुढे अकरा महिने. कोल्हापूरच्या त्या विभागात त्यांनी एक दिवसही काम केले नाही. त्यांच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी या गावच्या दफनभूमीत, मावशींच्या कुटुंबाच्या जागेत, त्या पुरल्या आहेत.

आमच्या वर्गात गुंतवणूक आणि परतावा हा धडा आहे. त्या धड्याप्रमाणे आनंदीबाई हे बुडीत खाते. सोने, शिष्यवृत्ती, वर्गण्या, तीन वर्षांचे कष्ट, आणि तपासलेल्या रुग्णांची भारतातली संख्या शून्य. पण त्यांच्यामागून बायका डॉक्टर होऊ लागल्या. रखमाबाई विलायतेहून डॉक्टर होऊन १८९५ च्या सुमारास सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात रुजू झाल्या आणि पुढे अनेक वर्षे काम करीत राहिल्या. हा परतावा कोणाच्या खाती लिहायचा? आमच्या लेखाकर्माच्या सरांना मी हे विचारले. ते म्हणाले की नावलौकिकालाही ताळेबंदात जागा असते, पण तो विकत घेतलेला असेल तरच.

वर मी विषयांतर म्हणून ज्या पेट्यांची गोष्ट सांगितली तिचे दुसरे टोक महाराष्ट्रातच आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ ही संस्था काढली. तिथल्या ३९ गावांत त्यांनी थोड्या शिकलेल्या गावच्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. बाळाचे श्वास मोजायचे, त्याला ऊब द्यायची, गुदमरलेल्या बाळाला पिशवी व मुखवट्याने हवा द्यायची, जंतुदोष झाल्यास इंजेक्शन द्यायचे. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्याचा अहवाल आला. नवजात मृत्यूंचे प्रमाण शेकडा ६२ ने घटले होते आणि खर्च दर बाळामागे ५.३ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सव्वादोनशे रुपयांच्या आसपास. दर १८ बाळांमागे एक मृत्यू टळला. पुढे देशभरच्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात ही पद्धत घेतली गेली. आमच्या वहीतल्या एका दिवसाच्या खर्चात अशी शंभरावर बाळे सांभाळता आली असती. हा भागाकार मी रुग्णालयाच्या बाकावर बसून मनात केला असता तर स्वतःचीच किळस आली असती. परत आल्यावर, लेख लिहिताना केला, आणि तो चुकलेला नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. सरकारने पैसा आधी कुठे घालावा याचे उत्तर गडचिरोलीत आहे. पण काचेपलीकडे आपले बाळ असताना शंभर बाळांचा विचार कोणी करू शकत नाही, आणि करू नये असेही मला वाटते.

मग आमच्याकडे काय झाले, ते थोडक्यात सांगते. सरकारी रुग्णालयात न्यावे असा विचार निघाला. २०११ पासून सरकारी रुग्णालयांत आजारी नवजात बालकांचे उपचार मोफत आहेत. पण २०२५ सालीच इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात नवजात अतिदक्षता कक्षातल्या दोन बाळांना उंदीर चावले होते आणि ती बाळे वारली होती. मृत्यू आजाराने की उंदरांमुळे यावर वाद झाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. त्यानंतर कृष्णपुऱ्यात त्या रुग्णालयाचे नाव काढायची सोय नव्हती. जे बिल भरू शकत नव्हते तेही भरत होते.

नवव्या दिवशी डॉक्टरांनी सांगितले की बाळाच्या मेंदूत मोठा रक्तस्राव झाला आहे. वाचले तरी ते बसेल, चालेल, ओळखेल याची आशा फार थोडी. यंत्र चालूच राहील, पण प्रकृती आणखी ढासळली तर आणखी काय काय करायचे हे घरच्यांनी ठरवावे. असा निर्णय कसा घ्यावा याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दंडक घातले आणि २०२३ मध्ये ते थोडे सोपे केले, हे मला नंतर कळले. त्या दिवशी कॉरिडॉरमध्ये आत्या, काका, ताईचे यजमान आणि तिचे सासरे उभे होते. काका म्हणत होते चालू ठेवा, कर्ज मी काढतो. सासरे म्हणत होते, त्या जिवाचे हाल थांबवा. दोघेही रडत होते, म्हणून कोण निष्ठुर आणि कोण प्रेमळ हे मला ठरवता आले नाही. एकच गोष्ट खटकली. ताईला कोणी विचारत नव्हते. ती ओली बाळंतीण, तिला धक्का बसेल, म्हणून तिला बाळ सुधारते आहे असेच सांगत होते.

त्या रात्री मी कादंबरीतले बाळंतपणाचे पान पुन्हा वाचले. कल्याणच्या त्या मुलीला तरी कोणी विचारले असेल? सकाळी मी वही घेऊन ताईच्या खोलीत गेले आणि तिला सगळे सांगितले. आकडे, रक्तस्राव, कॉरिडॉरमधले बोलणे. हा अधिकार मला कोणी दिला नव्हता. मी घरात सर्वांत लहान, शिवाय पाहुणी. ताई बराच वेळ वहीकडे बघत राहिली. मग तिने डॉक्टरांना बोलावून घेतले आणि स्वतः सगळे विचारले, मी विचारले नसते असे प्रश्न. त्याला दुखते का, हा पहिला. शेवटी तिने सांगितले की आता नवीन काही करू नका, छाती दाबू नका, आणि मला त्याला मांडीवर घेऊ द्या. सोळाव्या दिवशी दुपारी, नळ्यांसकट, परिचारिकेने बाळ तिच्या मांडीवर दिले. तासाभराने ते गेले.

काका माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. आत्या बोलली, पण गाडीत बसवायला आली तेव्हा तिने मला पुन्हा असे कोणाच्या घरात करू नकोस असे बजावले. मी चूक केली की नाही हे मला अजून ठरवता येत नाही. ताईने मात्र मला एकदा फोन करून ती वही मागून घेतली. बाळाच्या नावाने काही तरी लिहिलेले तेवढेच आहे, असे तिचे म्हणणे. मी ती टपालाने पाठवली. पाठवण्यापूर्वी तेरीज जुळवून पाहिली, ३४० रुपयांचा फरक येत होता, तो रिक्षाभाड्याचा निघाला.

आत्याच्या पाटल्या सुटल्या. काकांच्या कर्जाचे हप्ते चालू आहेत, शेवटचा पुढल्या श्रावणात.